केळीच्या पानातला विषाणू ओळखताना: प्रयोगशाळेतल्या नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२४

काम असं: रावेर, यावल आणि वसई इथल्या केळीबागांतून पानं आणायची आणि त्यांत चार विषाणूंपैकी कोणता आहे ते तपासायचं. कुकुंबर मोझॅक (शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात), ब्रॅक्ट मोझॅक, बंची टॉप म्हणजे पर्णगुच्छ, आणि स्ट्रीक. पहिल्या दोघांचा जीनोम आरएनएचा, पुढच्या दोघांचा डीएनएचा. त्यामुळे एकाच पानाला दोन वेगळ्या वाटांनी न्यावं लागतं. शेवटी शेतकऱ्याच्या हातात जो कागद जाईल त्यावर तो झाडं उपटायची की नाही हे ठरवणार आहे. ते लक्षात ठेवून नोंदी लिहिते आहे.

९ जुलै

रावेर आणि यावलच्या मृगबागांतले नमुने आज आले. जूनमध्ये लावलेली टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) रोपं, जी-९ म्हणजे ग्रँड नैन. ढगाळ, थंडसर हवेत हरण्याची लक्षणं ठळक होतात. पानावर शिरांना समांतर तुटक पिवळे पट्टे, कडा आत वळलेल्या, आणि जास्त झालं तर पोंगा, म्हणजे शेंड्याची न उघडलेली पानं, सडतो. उन्हाळ्यात हेच झाड चांगलं दिसू शकतं, म्हणून उन्हाळी पाहणीवर विसंबता येत नाही.

कोणतं पान तोडायचं हे कोणता विषाणू शोधतोय त्यावर ठरतं. मोझॅकसाठी वरून पहिलं किंवा दुसरं उघडलेलं पान, पट्टे असलेल्या भागासकट. बंची टॉपचा विषाणू फक्त अन्नवाहिन्यांत, म्हणजे फ्लोएममध्ये राहतो, त्यामुळे तिथे पानाचा पातळ भाग पुरत नाही. देठ आणि मधली शीर घ्यायची. त्याच देठावर गडद हिरव्या ठिपके-रेघा दिसतात. उजेडासमोर धरून पाहिल्या तर त्या चुकत नाहीत.

प्रत्येक बागेतून एक निरोगी दिसणारं पानही आणायला सांगितलं होतं. तीन बागांतून आलं, एका बागेतून नाही. तिथून ते मागवलंय. शेजारचं निरोगी पान नसेल तर रोगट पानाचा निकाल अर्धाच राहतो.

आरएनएसाठीचे तुकडे बागेतच परिरक्षक द्रावणात बुडवले होते, उरलेली पानं ओल्या कागदात गुंडाळून बर्फावर. पान तोडल्यापासून पेशीतले आरएनेझ कामाला लागतात, आणि हे एन्झाइम उकळूनही पूर्ण मरत नाहीत. म्हणून आरएनएची काळजी बागेपासूनच घ्यावी लागते.

११ जुलै

दिवसभर निष्कर्षण, म्हणजे पानातून डीएनए आणि आरएनए बाहेर काढणं. केळीच्या पानाशी काम केलेल्या कुणालाही विचारा: चीक, टॅनिन आणि पिष्टमय चिकट पदार्थ, तिन्ही भरपूर. पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटलं की पांढरट हिरवी पूड होते. ती पूड वितळण्याआधी बफरमध्ये गेली नाही तर पाच मिनिटांत तपकिरी होते. तो तपकिरी रंग म्हणजे ऑक्सिडीकरण झालेले पॉलिफिनॉल. ते डीएनएला कायमचे चिकटतात आणि पुढे पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधण्याची चाचणी) अडवतात.

वापरलेला बफर: २ टक्के सीटीएबी (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), १०० मिलिमोलर ट्रिस, २० मिलिमोलर ईडीटीए, मीठ नेहमीच्या १.४ मोलरऐवजी २ मोलर, २ टक्के पीव्हीपी, आणि ऐन वेळी घातलेलं २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी फिनॉलना धरून ठेवतं. मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण थांबवतं. ईडीटीए मॅग्नेशियम पकडतं, आणि मॅग्नेशियमशिवाय डीएनेझला काम करता येत नाही. मीठ जास्त असलं की डीएनए द्रावणात राहतो आणि चिकट शर्करा बाजूला पडतात. मीठ वाढवल्याचा फरक नळीत डोळ्यांनी दिसला. आधीच्या खेपेला गोळा जेलीसारखा होता, आज पांढरा आणि धाग्यासारखा आला.

६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोल २४:१, फिरवणं, वरचा थर काढणं. मधल्या पांढऱ्या थराला पिपेटचं टोक लागू द्यायचं नाही. थोडा वरचा थर मागे राहिला तरी चालेल, हाव करायची नाही. इथून वाटा वेगळ्या. डीएनएच्या नळीत आयसोप्रोपेनॉल घातलं. आरएनएच्या नळीत लिथियम क्लोराइड घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवली. लिथियम क्लोराइड आरएनएला खाली बसवतं, डीएनए आणि बऱ्याचशा शर्करा वर राहतात.

१२ जुलै

मोजमाप. डीएनएचं २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धता सांगणारं) बहुतेक नळ्यांत १.८ च्या आसपास, आरएनएचं २.० च्या. हे चांगलं. पण २६०/२८० फक्त प्रथिनांबद्दल सांगतं. केळीत खरी अडचण २६०/२३० मध्ये दिसते, कारण शर्करा आणि फिनॉल २३० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात. दोन नळ्यांत ते १ च्या खाली आहे. त्या नळ्यांवर लाल खूण केली.

आरएनए जेलवर चालवला, म्हणजे विजेनं ओढून लांबीनुसार वेगळा केला. २५एस आणि १८एस रायबोसोमल आरएनएचे दोन स्पष्ट बँड, वरचा जाडसर. यावलच्या एका नमुन्यात दोन्ही बँड विरघळून खाली धूर झालेला. तो आरएनए तुटलाय. यंत्रावरचा आकडा मात्र या नळीचाही उत्तम होता, कारण तुटलेला आरएनएसुद्धा २६० ला तितकाच प्रकाश शोषतो. तो नमुना पुन्हा काढायचा.

१६ जुलै

आरएनएवर डीएनेझ चालवून सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनएतली प्रत, बनवला.

ही प्रत काढण्यासाठी, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनसाठी, कोणता प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा तुकडा), यावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये ऑलिगो-डीटी असतो. तो पॉली-ए शेपटीला बसतो. ब्रॅक्ट मोझॅक हा पोटीव्हायरस, त्याला ती शेपटी आहे, तिथे चालेल. कुकुंबर मोझॅकच्या आरएनएला शेपटी नाहीच. त्याचं टोक टीआरएनएसारखं दुमडलेलं असतं, इतकं हुबेहूब की पेशीतलं एन्झाइम त्याला टायरोसिनसुद्धा जोडतं. म्हणजे ऑलिगो-डीटीनं सीडीएनए केला तर हरण्यानं भरलेलं पानही निगेटिव्ह निघण्याची भीती. तेव्हा रँडम हेक्सामर ठरले. ते आरएनएवर कुठेही बसतात, दोन्ही विषाणू एकाच नळीत सापडतात, आणि झाडाचा ॲक्टिन जनुकही त्यातच तपासता येतो.

प्रत्येक नमुन्याची एक जोड-नळी केली, सगळं तेच पण रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ नाही. त्या नळीत पुढे बँड आला तर तो आरएनएतून आलेला नाही, उरलेल्या डीएनएतून आलाय. प्लेटमधल्या जागा दुप्पट लागतात, खर्च वाढतो. पण ही नळी मी कधीच गाळणार नाही.

१७ जुलै

कुकुंबर मोझॅकच्या आवरण-प्रथिनाचा जनुक, ६५७ बेसजोड्या. या विषाणूचा जीनोम तीन आरएनए रेणूंत वाटलेला आहे आणि आवरणाचा जनुक तिसऱ्यावर आहे. प्रत्यक्षात पेशीत तो त्याच्यापासून बनणाऱ्या छोट्या चौथ्या रेणूवरून वाचला जातो. तो रेणू भरपूर असतो, त्यामुळे हा भाग शोधायला सोपा.

पीसीआरच्या ३५ फेऱ्या, जेल १.२ टक्के ॲगरोज, १०० व्होल्ट. रावेरच्या पट्टेवाल्या पानांत बँड मोजपट्टीतल्या (लॅडर) ५०० च्या जाड पायरीच्या वर, अपेक्षित जागी. निरोगी पानांत नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ नसलेल्या नळ्या स्वच्छ.

लाल खुणेच्या दोन नळ्यांत काहीच आलं नाही, ॲक्टिनसुद्धा नाही. ॲक्टिन झाडाचा स्वतःचा जनुक. तो न येणं म्हणजे नळीत प्रतिक्रियाच झाली नाही. याला निगेटिव्ह म्हणायचं नाही. त्याच नळ्या दहापट पातळ करून पुन्हा लावल्या आणि ॲक्टिनबरोबर ६५७ चा बँडही आला, दोन्हींत. साचा, म्हणजे ज्याची प्रत काढायची तो मूळ नमुना, कमी केल्यावर बँड जास्त दिसला, कारण त्याच्याबरोबर अडथळा आणणारा फिनॉलही पातळ झाला. या दोन पानांना कुणी घाईनं ‘विषाणू नाही’ लिहून दिलं असतं तर दोन रोगट झाडं बागेत विषाणू पसरवणाऱ्या माव्यासाठी उभी राहिली असती.

२३ जुलै

साचा न घातलेल्या नळीत बँड. फक्त पाणी, प्रायमर, एन्झाइम असलेली नळी, आणि ६५७ वर फिकट पण नि:संशय रेघ.

आजचे सगळे निकाल रोखले. त्यात चार नवीन पानं पॉझिटिव्ह दिसत होती. कदाचित खरीही असतील, पण आज तसं म्हणायला आधार नाही.

हिशोब करून पाहिला. एका रेणूपासून ३५ फेऱ्यांत, दर वेळी दुप्पट होत, सुमारे ३,४०० कोटी प्रती होतात. झालेल्या पीसीआरची नळी उघडताना उडालेला न दिसणारा तुषार पिपेटच्या नळकांड्यात गेला की पुढचे कित्येक दिवस तो प्रत्येक प्लेटमध्ये उतरतो. पीसीआर जितका संवेदनशील, तितकी त्याची स्वतःची जुनी उत्पादनं त्याच्या जिवावर.

२६ जुलै

शोध लागला. एकेक घटक नव्या बाटलीतून बदलत गेलो. पाणी बदललं तेव्हा बँड गेला, बाकी काही बदलून गेला नव्हता. पाण्याची ती वाटणी टाकून दिली.

आता पद्धत अशी: मिश्रण एका खोलीत, साचा दुसऱ्या टेबलावर, जेल तिसऱ्या खोलीत. माणसं आणि पिपेट उलट्या दिशेनं जाणार नाहीत. फिल्टर असलेलीच टिप. पाणी एकदा वापरायच्या छोट्या नळ्यांत. नव्या मिश्रणात डीटीटीपीऐवजी डीयूटीपी (थायमिनच्या जागी युरॅसिल असलेला घटक) घेणार आहोत, म्हणजे जुनी उत्पादनं युरॅसिलवाली असतील आणि सुरुवातीलाच यूएनजी एन्झाइम त्यांना तोडून टाकेल. रोखलेली चारही पानं पुन्हा लावली: तीन पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्या एका झाडासाठी हे तीन दिवस सार्थकी लागले.

२ ऑगस्ट

बंची टॉप. विषाणूचे सहा गोलाकार डीएनए तुकडे, प्रत्येक सुमारे १ ते १.१ किलोबेसचा. त्यातल्या आर तुकड्यावर प्रतिकृतीचं प्रथिन असतं, प्रायमर त्यावरचे घेतले.

यावलच्या एका बागेतलं झाड सगळ्यांनी पाहताक्षणी बंची टॉप म्हटलं होतं: खुजं, पानं अरुंद आणि शेंड्याला गोळा झालेली. पीसीआर निगेटिव्ह. देठातून पुन्हा काढलं, तरी निगेटिव्ह, ॲक्टिन व्यवस्थित. फोटो पुन्हा पाहिले. देठावर ठिपके-रेघा नाहीत, आणि नव्या पानाच्या मागच्या बाजूला जांभळट झाक आहे. हे जस्ताच्या कमतरतेशी जुळतं. खानदेशच्या चुनखडीयुक्त जमिनीत ती दिसते. माती तपासायला सांगितलं. अहवालात ‘निरोगी’ असं लिहिलं नाही, ‘बंची टॉप विषाणू आढळला नाही’ असं लिहिलं.

१३ ऑगस्ट

वसईचे नमुने. सफेद वेलची आणि राजेळी. राजेळी म्हणजे जिची वसई-आगाशीकडे उन्हात वाळवून सुकेळी करतात ती. काही पानांवर बारीक पिवळ्या, पुढे काळपट होणाऱ्या रेषा आहेत. स्ट्रीकचा संशय.

स्ट्रीक ज्यात मोडतो त्या बॅडनाव्हायरस गटाचे प्रायमर लावले, ५७९ बेसजोड्यांचा बँड अपेक्षित. आला. रेषा असलेल्या पानांत आला, रेषा नसलेल्या पानांत आला, अगदी हिरव्यागार पानांतही आला. पाण्याची नळी स्वच्छ, म्हणजे २३ जुलैसारखा प्रकार नाही. बँड खरा आहे, डीएनए पानातूनच आलाय.

मग सगळीच झाडं रोगट का? नाही, आणि या प्रकल्पातला सगळ्यात नाजूक प्रश्न हाच आहे. केळीच्या खाद्य जातींमध्ये दोन पूर्वजांचे जीनोम असतात, ॲक्युमिनाटाचा ए आणि बाल्बिसियानाचा बी. जी-९ एएए आहे, वेलची एबी, राजेळी एएबी. फार पूर्वी स्ट्रीक विषाणूचा डीएनए केळीच्या गुणसूत्रांत शिरला आणि तिथेच राहिला. ते तुकडे प्रत्येक पेशीत आहेत, पिलाबरोबर पुढे जातात, आणि बहुतेक वेळा गप्प असतात. ए जीनोममध्येही बॅडनाविषाणूसारखे तुकडे आहेत, पण ज्यांतून पुन्हा अखंड विषाणू उभा राहू शकतो असे तुकडे बी जीनोमशी जोडलेले आहेत. सात-बाऱ्यावर पणजोबांचं नाव अजून राहिलेलं असावं, तसं हे आहे. नोंद खरी, पण त्यावरून आज जमीन कोण कसतंय ते कळत नाही.

साधा पीसीआर ही दोन्ही नावं सारखीच वाचतो. त्याला फक्त क्रम दिसतो. तो क्रम गुणसूत्रात आहे की विषाणूच्या कणात, हे त्याला विचारण्याची सोयच नाही. आणि हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. ताण पडला, तापमान बदललं, टिश्यू कल्चरमध्ये गेलं, तर हे तुकडे जागे होऊन खरा संसर्ग सुरू होऊ शकतो. रोपवाटिकेला हे आधी कळायला हवं. आणि केवळ या बँडवरून ठरवायचं तर वसईतली प्रत्येक राजेळी उपटावी लागेल.

वसईच्या एकाही शेतकऱ्याला आज निकाल कळवलेला नाही.

२० ऑगस्ट

इम्युनोकॅप्चर पीसीआर. विचार सरळ आहे: आधी विषाणूचा कण पकडायचा, मग त्याच्या आतला डीएनए वाचायचा.

नळीच्या आतल्या भिंतीला स्ट्रीक विषाणूची प्रतिपिंडं लावली, पीएच ९.६ चा कार्बोनेट बफर. पानाचा रस पीव्हीपी आणि सल्फाइटसह घालून रात्रभर ४ अंशांवर. सकाळी पीबीएस-ट्वीनने धुतलं. मग डीएनेझ. कण सुमारे १३० ते १५० नॅनोमीटर लांब, दंडगोलाकार, आणि त्याच्या आतला डीएनए प्रथिनाच्या आवरणात सुरक्षित असतो. बाहेर चिकटलेला झाडाचा डीएनए डीएनेझ खातो. शेवटी उष्णता देऊन डीएनेझ मारायचं, कण फोडायचा, पीसीआर लावायचा.

इथे नियंत्रणाचा अर्थ उलटा होतो. आतापर्यंत प्रत्येक नळीत झाडाचा ॲक्टिन यायला हवा होता. आज तो एकाही नळीत येता कामा नये. आला तर गुणसूत्रांचा डीएनए धुतला गेलेला नाही, आणि मग स्ट्रीकच्या बँडला काहीच किंमत नाही. पहिल्यांदा दोन नळ्यांत फिकट ॲक्टिन आला. धुण्याच्या फेऱ्या आणि डीएनेझचा वेळ वाढवला. दुसऱ्यांदा सगळीकडे कोरं.

आणि त्या कोऱ्या पार्श्वभूमीवर स्ट्रीकचा बँड फक्त रेषा असलेल्या एका वेलचीत. राजेळीच्या सगळ्या नळ्या रिकाम्या. मला फार आनंद झाला, पण अजून पक्कं म्हणवत नाही. स्ट्रीकच्या जाती आवरणाच्या बाबतीत एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. आपल्या प्रतिपिंडांना जी जात ओळखू येत नाही ती धुण्यात निघून गेली असेल. दुसरी, प्रतिपिंडांवर न विसंबणारी वाट हवी.

२८ ऑगस्ट

रोलिंग सर्कल ॲम्प्लिफिकेशन. फाय-२९ पॉलिमरेझ ३० अंशांवर, तापमानाच्या फेऱ्या न करता, गोल डीएनएभोवती फिरत राहतो आणि लांबच लांब साखळी तयार करतो. स्ट्रीकचा पेशीतला डीएनए गोल असतो. गुणसूत्रात अडकलेला तुकडा गोल नाही. म्हणजे हा एन्झाइम स्वतःच भेद करतो, आपल्याला विषाणूचा क्रम आधी माहीत नसला तरी.

रात्रभर, साधारण १८ तास. मग ६५ अंशांवर थांबवून केपीएन-१ ने कापलं. हे एन्झाइम जीजीटीएसीसी या क्रमावर कापतं. जेलवर वेलचीच्या त्या नमुन्यात दोन स्पष्ट बँड, आणि त्यांच्या लांबीची बेरीज सुमारे ७.४ किलोबेस. स्ट्रीकच्या संपूर्ण जीनोमची लांबी इतकीच आहे. बाकी ओळींत फक्त धूसर पार्श्वभूमी. हरितलवक आणि तंतुकणिकांचा गोल डीएनएही थोडाफार वाढतो, त्याची ती झाक.

एकाच बाजूला बोट दाखवणाऱ्या तीन गोष्टी आता हातात आहेत: रेषा, कणातला डीएनए, आणि पूर्ण लांबीचा गोल जीनोम. या वेलचीत जिवंत संसर्ग आहे. राजेळीच्या झाडांत फक्त गुणसूत्रातली जुनी नोंद. वसईला फोन केला. राजेळीवाल्या काकांना सांगितलं की झाडं राहू द्या. काकांनी दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’ दोन्ही वेळा ‘हो’ म्हणता आलं.

५ सप्टेंबर

सिक्वेन्सिंगचे निकाल आले. रावेरचे ६५७ चे तुकडे दोन्ही बाजूंनी वाचून घेतले होते. सॅंगर पद्धतीत सुरुवातीचे तीस-चाळीस बेस नीट वाचता येत नाहीत, तेवढा भाग उलट बाजूच्या वाचनातून भरून निघतो. म्हणून एका बाजूचं वाचन पुरत नाही.

अक्षरांच्या फाइलवर समाधान न मानता आलेख उघडून पाहिला. एका नमुन्यात काही जागी एकाखाली एक दोन शिखरं आहेत. संगणकानं त्यातलं उंच शिखर निवडून अक्षर लिहून टाकलंय. दोन शिखरं म्हणजे त्या झाडात विषाणूचे दोन प्रकार एकत्र असण्याची शक्यता. तो क्लोन करून वेगळा वाचायचा.

बाकीच्यांचं भाषांतर केलं: २१८ अमिनो आम्लं, मध्ये कुठे थांबण्याचा संकेत नाही, शेवटी आहे. (२१८ अधिक थांबा, गुणिले ३, बरोबर ६५७. हा हिशोब जुळला की बरं वाटतं.) ब्लास्टमध्ये, म्हणजे जीनबँक या क्रमांच्या साठ्याशी जुळवून पाहिल्यावर, भारतातल्या केळीवरच्या नोंदींशी सगळ्यात जवळ, उपगट १-बी. उपगट १ आणि २ मधलं साम्य सुमारे ७५ टक्केच असतं, त्यामुळे इथे गोंधळाला जागा नव्हती. तरी फक्त पहिल्या ओळीतलं नाव उचलायचं नाही. जीनबँकेत नोंद करणारी माणसंच असतात, एखादं नाव चुकीचंही असतं. पहिल्या वीसेक नोंदी आणि वृक्षालेख पाहूनच लिहिलं.

१३ सप्टेंबर

रोपवाटिकांसाठी रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे प्रती वाढत असतानाच त्या मोजणारा.

टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणनाची केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची पद्धत २००६ पासून आहे, आणि तीत हेच चार विषाणू तपासले जातात. एका मातृवृक्षापासून हजारो रोपं निघतात. मातृवृक्षात विषाणू सुटला तर तो हजारो बांधांवर पोचतो, तोही सरकारी शिक्क्यासह. म्हणून इथे संवेदनशीलता किती, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

जनुक प्लास्मिडमध्ये (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएत) घालून प्रमाण-रेषा काढली. ३.७ किलोबेसच्या प्लास्मिडच्या एका नॅनोग्रॅममध्ये सुमारे २५ कोटी प्रती येतात, तिथून दहा-दहा पट पातळ करत गेलो. उतार उणे ३.४१, म्हणजे कार्यक्षमता ९६ टक्के. वितळण-आलेखात एकच शिखर. पण प्लास्मिड हा डीएनए आहे आणि पानात आरएनए असतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनमध्ये जे गळतं ते या रेषेत दिसतच नाही. टी-७ पॉलिमरेझनं आरएनए बनवून त्याची वेगळी रेषा काढायची आहे, तोवर प्रतींची संख्या अहवालात लिहायची नाही.

खर्च वाचवायला दहा रोपांची पानं एकत्र तपासावीत अशी एका रोपवाटिकेची सूचना. दहात एक रोगट असेल तर साचा दहापट पातळ होतो, म्हणजे सीटी (संकेत ज्या फेरीला दिसू लागतो तो आकडा) ३.३ नं वाढतो. जुन्या संसर्गात सीटी २२ वरून २५ झाला तर काही बिघडत नाही. पण नुकताच संसर्ग झालेलं रोप ३४ वर असेल तर ते ३७ च्या पुढे जातं आणि तिथे खरं-खोटं वेगळं करणं अवघड. पाचांची मोट केली तर वाढ २.३ ची. मॅडमनी ठरवलं: रोपांसाठी पाच, मातृवृक्ष एकेकटाच. मला हे पूर्ण पटतं. मातृवृक्षावर पैसे वाचवणं ही बचतच नव्हे.

२१ सप्टेंबर

रावेरच्या नानांना अहवाल द्यायला गेलो. त्यांच्या बागेतली बरीच झाडं पॉझिटिव्ह.

नानांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, ‘ताई, औषध कोणतं मारू?’ विषाणूवर औषध नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी विचारलं, कारण काहीतरी करावंसं वाटतंच. सांगितलं ते असं: पॉझिटिव्ह झाडं कंदासकट काढून बागेबाहेर गाडा किंवा जाळा. माव्यासाठी फवारणी करा, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. हा विषाणू माव्याच्या तोंडाला लागून काही सेकंदांत पुढच्या झाडात जातो, फवारलेला मावा मरायच्या आत त्यानं सोंड खुपसलेली असते. बंची टॉपचं वेगळं आहे, तिथे मावा विषाणू पोटात घेऊन फिरतो आणि फवारणीचा उपयोग जास्त होतो. आणि बांधावरची काकडी, दोडकी, मिरची आणि तण पाहा. हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत राहतो, त्याचं नावच काकडीवरून पडलंय.

दोन सऱ्या जवळजवळ कोऱ्या निघाल्यात, त्या नानांना दाखवल्या. सगळी बाग मोडायची त्यांची तयारी झाली होती. ती मोडायची नाही हे त्यांना झाड-झाड दाखवून सांगता आलं, कारण प्रत्येक नळीच्या मागे तिचं ॲक्टिन, तिची कोरी नळी आणि तिची जोड-नळी उभी होती.

४ ऑक्टोबर

कांदेबागेची, म्हणजे केळीच्या हिवाळ्याआधीच्या हंगामाची, लागवड सुरू होते आहे, त्याआधी रोपवाटिकेतच चालेल अशी चाचणी हवी. आरटी-लँपच्या (पीसीआरसारखीच, पण तापमानाच्या फेऱ्या नसलेली पद्धत) चाचण्या सुरू केल्या. बीएसटी पॉलिमरेझ, ६० ते ६५ अंश, एकच तापमान, तासाभरात निकाल, महाग यंत्र नको. प्रायमर सहा, आणि ते जनुकाच्या आठ भागांना ओळखतात.

रंगासाठी आधी फिनॉल रेड वापरून पाहिलं. केळीचा कच्चा रस आम्लधर्मी असल्यानं काही नळ्या गरम करायच्या आतच पिवळ्या झाल्या. हे रंगद्रव्य या पिकाला बाद. हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू मॅग्नेशियमवर चालतं, पीएचवर नाही. जांभळ्याचं आकाशी होतं, आणि रसाच्या नळ्यांतही फरक साफ दिसला. पण आकाशी आणि फिकट जांभळा संध्याकाळच्या उजेडात सारखे वाटतात, म्हणून पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायचा नियम केला.

लँपची नळी उघडायची नाही, कधीही नाही. इथे उत्पादन पीसीआरपेक्षा कितीतरी जास्त बनतं, आणि रोपवाटिकेत तीन वेगळ्या खोल्या नसतात. झाकणावर चिकटपट्टी लावूनच नळ्या देणार, वापरलेल्या नळ्या बंद पिशवीत परत घेणार.

पुढच्या आठवड्यात जुलैचे सगळे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुने क्रमांक झाकून लँपवर लावायचे. नळ्यांवरचे क्रमांक मॅडम बदलून देतील, यादी त्यांच्याकडेच राहील. २६०/२३० कमी असलेल्या त्या दोन नळ्या त्यात असायलाच हव्यात. यावलचं जस्तवालं झाड आणि वसईची राजेळीही त्यात घ्यायची.